एकपानी काका

कागदांना गारवा मिळावा म्हणून स्वतः घामात झोपणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायचा. सिंगापूरमध्ये, आंग मो किओतल्या आमच्या ब्लॉकमध्ये, बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये. आमच्या घरात त्यांना सगळे 'वरचे काका'च म्हणत. ओळख झाली ती भांडणातून. त्यांच्या एसीचं पाणी आमच्या छतातून ठिबकायला लागलं, तेव्हा मी तावातावानं वर गेले. दार उघडलं ते बनियन घामानं चिंब झालेल्या, पंचावन्न-साठीच्या एका गृहस्थांनी. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होण्याआधीच ते म्हणाले, "भांडू, निवांत भांडू. पण आधी हात धुऊन या." का कोण जाणे, मी मुकाट्यानं धुतले. त्यांनी ते कोरडे करायला लावले, ज्योतिष्यासारखे तळवे उलटसुलट पाहिले आणि मग बेडरूमचं दार उघडलं. आत पलंग नव्हताच. रुंद, उथळ खणांचं एक कपाट आणि महाबळेश्वरची थंडी. एसी कागदांसाठी होता. काका-काकू हॉलमध्ये पंख्याखाली झोपत. दोन तासांनी मी खाली आले तेव्हा भांडण तसंच राहिलं होतं आणि चार अमेरिकन गाणी ऐकून झाली होती. दुसऱ्या दिवशी पाइप दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही, असं कळलं, दोन ऐकावी लागली.

त्या खणांमध्ये होती एकपानी छापलेली गाणी आणि कविता. पुस्तक नव्हे, एकच पान. पुढे छापलेलं, मागे कोरं. जुन्या काळी अमेरिकेत कुठे बोट बुडाली, आग लागली, कुणाला फाशी झाली, की लगेच त्यावर गाणं रचून एका कागदावर छापायचे आणि चौकात उभं राहून विकायचे. वर एखादं ओबडधोबड चित्र आणि 'अमुक चालीवर म्हणावे' अशी ओळ. काका तरुणपणी शिकायला तिकडे गेले, बर्फात अडकलेल्या एका गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना असं पहिलं पान सापडलं, आणि बाकी संशोधक मित्र गाड्या घेत असताना हे कागद घेत सुटले. पुढे त्यात हल्लीच्या कवींचीही पानं आली, हातकागदावर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली. "बोट फिरवा," काका म्हणायचे, "अक्षर हाताला लागते. मी कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटरच्या चिपवर छापतो, पण ते वाचते कोण?"

ही पानं वाचताना ते इस्त्रीचा फुल शर्ट घालत. माझ्या नवऱ्याला हाताला भज्याचं तेल राहिलं म्हणून दोनदा बेसिनकडे परत पाठवलं होतं. एकही पान त्यांनी फ्रेम केलं नाही, कारण भिंतीवर लावलेलं माणूस वाचत नाही म्हणे. फोटो काढू द्यायचे नाहीत, "जेवणाचा फोटो काढून पोट भरते का?" पण सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा गाण्याचा. त्या मूळ चाली कुणालाच ठाऊक नव्हत्या. मग काकांनी त्यांना आपल्या वडिलांच्या चाली लावल्या. वडील चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत कामाला, आणि जयंतीच्या जलशात गाणारे. त्यामुळे कुठल्याशा अमेरिकन खाणीतल्या स्फोटाचं गाणं आमच्या डोक्यावर थेट जलशाच्या ठेक्यात घुमायचं. त्याच्या शेवटी मेलेल्या कामगारांची नावं होती, पंचवीस-तीस तरी असतील. काका एकही गाळत नसत. एकदा मी हळूच घड्याळ पाहिलं, तर म्हणाले, "ती कडवी नाहीत. माणसं आहेत." मी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं.

काकूंना मात्र या सगळ्याचा मनस्वी तिटकारा. काकांनी तोंड उघडलं की स्वयंपाकघरात भांडी आपटायची. "झाली सुरू यांची मयत!" असं म्हणत त्या पोळ्या लाटत राहायच्या.

गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी काकू धावत खाली आल्या, पायात चप्पल नव्हती. "पोरी, चाल लवकर! कागद भिजले!" त्यांच्या वरच्या घरातला नळाचा पाइप फुटला होता आणि पाणी थेट कपाटावर कोसळत होतं. काका कामावर, चिपच्या कारखान्यातल्या क्लीनरूममध्ये. तिथे फोन नेता येत नाही. आम्ही पानं उचलून आमच्या घरात आणली. शेजारच्या चिनी आंटी टॉवेल घेऊन आल्या, "अय्यो, so many, lah!" म्हणत त्याही गुडघ्यावर बसल्या. पलंग, डायनिंग टेबल, फरशी, सगळीकडे कागद. तिटकारा करणाऱ्या काकू एकेक पान दोन्ही तळव्यांवर तान्ह्या बाळासारखं धरून आणत होत्या. बरीचशी वाचली; तेलातली शाई, ती पसरली नाही. पण सर्वांत वरच्या खणात, नेहमी हाताशी लागतं म्हणून, खाणीचं पान होतं. कागद जुना आणि हलका. आम्ही हात लावला, तर त्याचा लगदाच बोटांना चिकटला.

काका आले. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि त्या लगद्यासमोर फरशीवर बसले. "दुसरी प्रत कोठेच नाही," ते म्हणाले. "सगळीकडे विचारून झालं. नावं गेली." गाणं त्यांना येत होतं, पण नावं ते कायम पानावरूनच वाचत, चूक होऊ नये म्हणून. त्यांनी मोठ्या प्रयत्नानं पाच-सहा आठवली आणि तिथे थांबले. ते रडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मागून काकू गायला लागल्या. जलशाचा तोच ठेका, इंग्रजीला अस्सल नागपुरी वळण, आवाज मात्र असा की आंटींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. पहिल्या ओळीपासून सुरू करून त्या नावांपर्यंत आल्या आणि थांबल्या नाहीत. विल्यम, त्याचा धाकटा भाऊ, दोघे बाप-लेक, नुकतं लग्न झालेला हेन्री... एकामागून एक माणूस आमच्या त्या ओल्या कागदांनी भरलेल्या हॉलमध्ये येऊन उभा राहत होता. शेवटच्या नावानंतर काकांनी मान वर केली.

"तुला हे सगळं पाठ?" काका म्हणाले.

"तीस वर्षं घरात एकच रेडिओ होता जी," काकू पदर खोचत म्हणाल्या. "अन् त्याला बंद करायचं बटन नव्हतं."

काकांनी लगेच कागद-पेन मागितलं. काकूंनी दिलं नाही. "लिहून घेतलं की कपाटात ठेवाल. पाहिजे तेव्हा मला म्हणा, मी म्हणते." मग तेच घडत गेलं. संध्याकाळी जेवणं झाली की वरून काकांचा अजिजीचा आवाज यायचा आणि पाठोपाठ काकूंचा खणखणीत. आम्ही टीव्ही बंद करायचो. मीही वर जाऊन थोडं शिकायला बसले. काकूंनी माझे दोन-तीन उच्चार 'सुधारले'सुद्धा.

यंदा काका निवृत्त झाले आणि दोघं कायमची नागपूरला परत गेली. भांडी घासताना कधी कधी मी ते गाणं म्हणायला घेते. कडवी येतात. नावांशी आले की पाच-सात माणसं नीट येतात, मग अडखळते, नळ बंद करून उभी राहते. बाकीची सगळी नागपूरला आहेत.