मिस रुवैदाचा कॅमेरा आणि ईदची आतडी

१ ऑक्टोबर २०१३ रोजी आमच्या शाळेच्या खात्यातून एकशे सत्त्याऐंशी दिनार आणि पाचशे फिल्स गेले आणि अम्मानहून एक कॅमेरा आला. दिसायला टेबललॅम्पसारखा, मान वाकवून खाली बघणारा. त्याच्याखाली जे ठेवावे ते प्रोजेक्टरमधून भिंतीवर दाराएवढे मोठे दिसे. शाळेचे हिशेब माझ्याकडे; मी खरेदी वहीत लिहून घेतली, पण पेन्सिलीने. दुकानदाराने तीन आठवड्यांत माल परत घेण्याची मुभा दिली होती, आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष हाज अबू मुफ्लेह यांनी ती अट माझ्याकडून दोनदा वाचून घेतली होती.

“म्हणजे बावीस तारखेपर्यंत परत करता येतो?”

“येतो.”

“मग करून टाका. गच्चीवर दुसरी टाकी हवी आहे, अबू सुहैब. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. पोरांना तहान लागली तर भिंतीवर पाणी दाखवणार का?”

त्यांचे काही चुकत नव्हते. टाकी हवीच होती आणि पैसे एकाच गोष्टीचे होते.

कॅमेरा मागितला होता मिस रुवैदाने. ती आमच्याकडे अकरा वर्षे विज्ञान शिकवत होती. करक शहराच्या दक्षिणेला एका लहान गावात वाढलेली. वडील लष्करात टँकर चालवायचे. उंच होती म्हणून पहिलीपासून शेवटच्या बाकावर. डोळे अधू आहेत हे कोणाच्याच लक्षात आले नाही, तिच्याही नाही. फळ्यावर सगळ्यांनाच धुके दिसते आणि हुशार मुली ते ओळखून काढतात, अशी तिची समजूत. सातवीत असताना लष्करी दवाखान्याचे डॉक्टर तपासणीला आले आणि तिला चष्मा लागला.

“खडूच्या रेघेला कडा असते, हे मला तेराव्या वर्षी कळलं,” ती एकदा मला म्हणाली होती. “तोवर मी ऐकूनच पास होत होते.”

तेव्हापासून तिला एकच वेड. नवा वर्ग मिळाला की आधी ती स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसणार आणि तिथून काय दिसते ते बघणार. खिडकीच्या काचेला जुने एक्स-रे चिकटव, बाटलीत फुगे घालून फुप्फुसे कर, असले उद्योग सतत चाललेले. एकदा लग्न ठरले होते. मुलगा कुवेतला जाणार होता. तो गेला, ही गेली नाही. आईला घेऊन इथेच राहिली.

हाजनी शेवटी एक सवलत दिली. ईदची सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी ते तिचा तास बघणार. पटले तर कॅमेरा राहील, नाहीतर मंगळवारी खोक्यात.

“शेवटच्या बाकावर बसा, काका,” ती म्हणाली.

“बसतो. पण चित्रंच दाखवायची असतील तर पुस्तकात आहेत हं.”

तिला चित्रे दाखवायची नव्हती. पाचवीला पचनसंस्था चालू होती. सुट्टी लागताना तिने वर्गाला सांगितले, “ईदचा मेंढा कापला की पोट आणि आतडी मला हवीत. फ्रिजरमध्ये ठेवायला सांगा आणि रविवारी आणा.” बत्तीस मुलांची घरे. एवढ्यांतून निदान पाच-सहा तरी येतील, असा तिचा हिशेब.

आमचा आठवडा रविवारी सुरू होतो. त्या सकाळी मी कार्यालय उघडत होतो, तर पहिला मुलगा हातात पातेले घेऊन आला. फडक्यात घट्ट बांधलेले आणि गरम. त्याच्यामागे दोन मुली, त्यांच्याकडेही पातेली. जिन्यात दालचिनीचा आणि लिंबाचा वास सुटला.

रुवैदाने फडके सोडले. आत आतड्यांचे वीतभर तुकडे, तांदूळ आणि खिमा भरून, दोन्ही टोकांना दोऱ्याने शिवलेले, नीट शिजवलेले. पोटाच्याही पिशव्या शिवून भरलेल्या.

“अरे, मी कच्ची मागितली होती!”

“आईला सांगितलं मी,” मुलगा म्हणाला. “ती म्हणाली, मिसला घाण धुवायला लावू का मी? लोक काय म्हणतील?”

“आणि माझी आई म्हणाली,” एक मुलगी म्हणाली, “बिचारीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं, तर जरा जास्तच भर.”

आठ वाजेपर्यंत चौदा पातेली झाली. कच्चे आतडे एकही नाही. रुवैदा माझ्या खुर्चीत बसली आणि चष्मा काढून पुसू लागली.

“अबू सुहैब, गेला माझा कॅमेरा. हाजकाकांना काय दाखवू? जेवण?”

“तास पुढे ढकलायचा का?”

“ढकलून कुठे नेऊ? परवा बावीस.” मग तिने चष्मा घातला, एक पिशवी उचलली, दोरा बघितला, उलटसुलट केली. “तुमच्याकडे कात्री आहे?”

दुसऱ्या तासाला हाज शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावेनात. मी दारापाशी उभा राहिलो. रुवैदाने कॅमेऱ्याखाली ताट ठेवले, शिवण कापली, भात बाजूला काढला आणि पोटाचा तुकडा आतून पसरला. भिंतीवर एकदम सहा कोनांची घरे उमटली, एकाला एक लागून, प्रत्येकाच्या भिंती उभ्या.

मागून आवाज आला, “हे मधाचं पोळं कशाला लावलं? मेंढ्याचं काय झालं?”

“मेंढाच आहे, काका. त्याचं दुसरं पोट.”

“खोटं.”

“पातेलं तुमच्या घरचं आहे, तुमच्या नातवाने आणलेलं.”

मुले मागे वळून हसू लागली. हाज उठले, भिंतीपाशी गेले, मग टेबलापाशी येऊन ताटात बघितले, परत भिंतीकडे. “साठ वर्षं खातोय मी हे,” ते म्हणाले. “हातात आलं की तोंडात. बघितलं कोणी?”

मग तिने आतड्याचा तुकडा आडवा कापून त्याची जाडी दाखवली. एका मुलीने विचारले, पूर्ण आतडे केवढे असते? रुवैदा म्हणाली, ते अख्खे आले असते तर व्हरांड्यात पसरून मोजले असते, आता सगळे तुकडेच आहेत. हाजनी खिशातून फोन काढून बायकोला लावला.

“उम्म मुफ्लेह! आतड्याचे तुकडे किती केलेस?”

फोनचा आवाज मोठा होता. “का? कमी पडले? मी म्हटलंच होतं आणखी पाठवते!”

“अगं, कमी नाही. मोजायचे आहेत.”

“आता तुम्ही खाल्लेलं मोजायला लागलात?” वर्ग हसत सुटला. “एका मेंढ्याचे एकशे दहा झाले. वीत वीत. तुम्ही वीस खाल्लेत, ते धरून.”

त्या मुलीने कॅमेऱ्याखाली कागद ठेवून गुणाकार केला. एकशे दहा गुणिले वीस सेंटिमीटर, बावीस मीटर. आकडे भिंतीवर हातभर उंच. हाज पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसले होते. तिथून त्यांनी उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. कोणी विचारले नव्हते.

तास संपला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “खोकं कुठे ठेवलंय?”

रुवैदाचा चेहरा पडला. “स्टोअरमध्ये.”

“फेकून दे. उंदीर होतील.” मग माझ्याकडे वळून, “टाकीचं पुढच्या वर्षी बघू. तोवर पोरांना घरून बाटल्या आणायला सांगा. आणि ती पेन्सिल ठेवा आता, शाईने लिहा.”

टाकी पुढच्या वर्षी आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षी आली. मधली दोन वर्षे मुलांनी बाटल्या आणल्या, आणि ज्या आठवड्यात पाणी आधीच संपे त्या आठवड्यात पालकांनी माझ्या टेबलासमोर येऊन सुनावलेही. त्यांचेही काही चुकत नव्हते.

त्या दिवशी मात्र पातेली कोणी परत न्यायला तयार नव्हते. सगळी शाळा व्हरांड्यात जेवायला बसली. दही आणि रोट्या कमी पडल्या, तेव्हा हाज म्हणाले, “आणा कोपऱ्यावरून, मी देतो.” पैसे मी दिले. हाजकडून एक दिनार दोनशे पन्नास फिल्स अजून येणे आहेत.