कॉस्टिकची पहिली धार

आमच्या चेअरमन साहेबांच्या तावडीतून सुटलेली एकच जागा कारखान्यात होती, ती म्हणजे माझी प्रयोगशाळा. तिथं वास येतो म्हणून ते कधी फिरकले नाहीत. बाकी सगळ्याचं पूजन झालं होतं. वजनकाट्याचं झालं, बोअरच्या पाण्याचं झालं, सायकल स्टँडवर पत्रे टाकले तेव्हा त्या पत्र्यांचंही झालं. शाल, नारळ, फेटा, फोटो. रिफायनरी आमची सरकीच्या तेलाची. पण तेल कसं निघतं यापेक्षा नारळ कुणाच्या हातून फुटतो याचीच काळजी संचालकांना जास्त.

मी तिथं केमिस्ट होते. सरकीचं कच्चं तेल काळपट असतं, ते साफ करायला कॉस्टिक सोडा लागतो. आधी तो पापड्यांच्या रूपात पोत्यांतून यायचा आणि आम्ही तो पाण्यात विरघळवून घ्यायचो. मग कुणीतरी सुचवलं की टँकरने तयार द्रावणच मागवू, स्वस्त पडेल. स्वस्त म्हटल्यावर आमच्याकडं चर्चा होत नाही. नवी टाकी उभी राहिली, पाइप टाकला, पंप बसला. टाकीवर 'धोका' लिहायच्या आधी साहेबांचं नाव रंगवून झालं.

मॅनेजरना मी आधीच बजावलं होतं. हे दाट कॉस्टिक कंपनीत भरताना गरम असतं आणि आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत ते थिजतं. तूप थिजतं तसंच. फरक एवढाच की तूप डोळ्यात उडालं तर माणूस आंधळा होत नाही. टँकर आला की ऊब आहे तोवर त्याच दिवशी उतरवून घ्यायचा, कुणासाठी थांबायचं नाही. मॅनेजर मान हलवत राहिले. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता.

टँकरचा व्हॉल्व्ह उघडायचं काम आमच्या पंप ऑपरेटरचं. हा माणूस तेलगावकडचा, पन्नाशीला आलेला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. भाऊ अजून कळप घेऊन फिरायचे. यानं नोकरी धरली, पण खांद्यावरची घोंगडी काही सोडली नाही. दुपारी जेवण झालं की तो फाटकाशी उभा राहायचा आणि लांब माळावरून जाणारे कळप बघायचा. एकदा मला म्हणाला, "म्याडम, ती बघा आमची मेंढरं. लंगडती हाय नव्हं, ती माझ्या भावाची." मी डोळे ताणून पाहिलं. मला फक्त धूळ दिसली.

त्याला चष्मा आणि तोंडावरची काचेची ढाल घालून दाखवली तेव्हा तो खूप हसला होता. "ह्ये घालून मला माजंच मेंढरू वळकायचं न्हाई." मग मी त्याला स्पष्टच सांगितलं की कॉस्टिक डोळ्यात गेलं तर नुसती आग होऊन भागत नाही, बुबुळ आतून शिजत जातं. त्या दिवसापासून ढाल घातल्याशिवाय तो साध्या पंपापाशीसुद्धा जात नव्हता. सांगितलेलं ऐकणारा त्या कारखान्यात मला हा एकच माणूस भेटला.

टँकर आला तो भर दुपारी, गेवराईकडून हायवेनं. ड्रायव्हर नगरचा होता. त्यानं उतरल्या उतरल्या टँकरखालच्या पाइपावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाला, "अजून कोमट आहे, लगेच घ्या." मी ऑपरेटरला तयार राहायला सांगितलं. तेवढ्यात मॅनेजर धावत आले. पूजन व्हायचं होतं. साहेब पाटोद्याला लग्नाला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार होते. संध्याकाळी निरोप आला की तिथून पुढं आणखी एका लग्नाला गेले. लग्नसराईत पुढाऱ्याला अक्षता टाकण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो.

"आता उद्या सकाळीच करू," मॅनेजर म्हणाले. "मुहूर्त पण उद्याचा चांगला हाय म्हणे. एका रात्रीनं काय होतंय, म्याडम? टँकर काय पळून जातोय का?"

"टँकर नाही जात, ऊब जाते," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

सकाळी व्हायचं तेच झालं. जागोजागी शेकोट्या पेटल्या होत्या, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ऑपरेटरनं सगळा जामानिमा करून, टाकीकडं जाणारी नळी नीट आवळून व्हॉल्व्ह उघडला. थेंब आला नाही. टँकरच्या पोटातला माल अजून पातळ होता, पण बाहेर निघालेला पाइपाचा तुकडा रात्रभर उघड्यावर गारठून आतून दगडासारखा बसला होता.

मग सल्ले सुरू झाले. कॉस्टिक म्हणजे काय हे ज्यांनी काल ऐकलं होतं, ते आज तज्ज्ञ झाले. एक संचालक म्हणाले, पाइपाखाली पऱ्हाट्या पेटवा. दुसरे म्हणाले, वरून उकळतं पाणी ओता. घट्ट कॉस्टिकमध्ये पाणी ओतलं की ते फसफसून माणसांच्या अंगावर येतं, हे त्यांना ऐकायचंच नव्हतं. तिसऱ्यानं तर घण मागवला. शिकलेसवरलेले, पांढरेशुभ्र कपडे घातलेले लोक, आणि मला पहिलीतल्या पोरांसारखं त्यांना एकेकाला मागं ढकलावं लागलं. शेवटी बॉयलरवरून बारीक वाफ रबरी नळीनं आणली, पाइपाला बाहेरून ओलं बारदान गुंडाळलं आणि हळूहळू वाफ द्यायला लागले. ऊब टिकेना, तेव्हा ऑपरेटरनं खांद्यावरची घोंगडी काढून बारदानावर लपेटली.

"कोकरू गारठलं की आमी असंच करतो," तो म्हणाला. त्या सकाळी कुणी केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट होती.

इकडं वाफ चालू होती आणि तिकडं मंडप सजत होता. टाकीजवळ मी भांडून एक शॉवर बसवून घेतला होता. अंगावर काही उडालं तर साखळी ओढायची आणि पाण्याखाली उभं राहायचं. पाहते तो त्या शॉवरच्या खांबाला झेंडूच्या माळा, आणि पाणी खालून बंद. का, तर चुकून कुणी साखळी ओढली तर गालिचा भिजेल. गालिचा मंडपवाल्याचा होता. मी पाणी सोडायला खालच्या व्हॉल्व्हचा पाना मागितला. पाना साहेब आल्यावर मिळेल, असं मॅनेजर म्हणाले. माझं डोकं फिरलं. दोन हमालांना सांगून पाण्यानं भरलेला ड्रम टँकरशेजारी आणवला. ड्रमला माळा घालायला मात्र कुणी आलं नाही.

साहेब आले. फेटा बांधला गेला, टँकरच्या चाकावर नारळ फुटला. भाषणात ते म्हणाले की थंडीवाऱ्याला भिणारी आपली माती नव्हे. टाळ्या पडल्या. मग फोटोग्राफर पुढं आला आणि म्हणाला, नळी लावली तर फोटोत काहीच दिसणार नाही.

"मग नळी काढा बे," साहेब म्हणाले. "पहिली धार दिसू द्या लोकास्नी."

कुंकवाचं स्वस्तिक काढलेली बादली पाइपाखाली आली. मी आडवी गेले. आतली गुठळी पूर्ण सुटलेली नाही, कधी सुटेल सांगता येत नाही, सुटली की सगळा जोर एकदम येईल, नळी काढायची नाही, हे मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगितलं. साहेब हसले. "पोरी, लई शिकलीस तू. दोन मिनिटाचं काम हाय."

मी ढाल त्यांच्यापुढं धरली. उघडायचाच असेल तर ही घाला. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "ह्याच्यात फेटा बसंल का?" बसणार नव्हता. मग साहेबांनी व्हॉल्व्हला हात लावायचा बेत सोडला. ऑपरेटरनं उघडायचा, साहेबांनी मागं उभं राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, असं ठरलं. फेटा वाचला.

फोटोग्राफरनं कॅमेरा लावला आणि पुन्हा खाली घेतला. "मामांचं तोंड दिसंना," तो ऑपरेटरकडं बोट दाखवत म्हणाला.

"काढ बे त्ये तोंडावरलं," साहेब म्हणाले. "फोटोपुरतं काढ."

ऑपरेटरनं माझ्याकडं पाहिलं. "काढू नका," मी ओरडले. त्यानं साहेबांकडं पाहिलं. ज्यांच्या शब्दावर नोकरी टिकते आणि ज्यांच्या शब्दावर डोळे टिकतात, यात माणूस कुणाचं ऐकणार? त्यानं ढाल काढली, चष्मा काढला, बाहीनं तोंड पुसलं आणि फोटोसाठी हसलासुद्धा. माझ्या वाटेत दोन संचालक उभे होते. त्यांनाही फोटोत यायचं होतं.

त्यानं व्हॉल्व्ह उघडला. काही आलं नाही. लोक हसले. "आजून उघड की," साहेब म्हणाले. त्यानं पूर्ण उघडला. गुठळी सुटली, धार बादलीच्या बुडावर आदळली आणि उसळून सरळ त्याच्या तोंडावर आली.

साहेब कुठं गेले ते मी पाहिलं नाही. गालिच्यावर त्यांची एक चप्पल राहिली होती. ड्रायव्हरनं हातमोजे घालून, तोंड फिरवून व्हॉल्व्ह बंद केला. मी ऑपरेटरला गचांडी धरून ड्रमपाशी ओढलं, त्याचं डोकं आडवं धरलं आणि पापण्या बोटांनी उघडून तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. कुणीतरी शॉवरची साखळी ओढली. झेंडूची फुलं पडली, पाणी पडलं नाही. तो ओरडत नव्हता. नुसता म्हणत होता, "म्याडम, डोळं उगडनात. म्याडम, डोळं उगडनात." ते उघडेच होते.

एक डोळा गेला. दुसऱ्यानं उजेड आणि हलती माणसं कळतात. ड्रममधलं पाणी कामी आलं, नाहीतर तोही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. कारखान्यानं त्याचा सत्कार केला: धाडसी कामगार म्हणून शाल आणि नारळ, साहेबांच्या हस्ते. त्याच कार्यक्रमात शॉवरचंही पूजन झालं. साहेबांनी साखळी ओढली, पाणी पडलं, टाळ्या पडल्या. या लोकांना लाज नावाची वस्तू टँकरनं पाठवली असती तरी उतरवून घेता आली नसती.

तो फोटो मोठा करून ऑफिसात लावलाय. साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर आहे, फेटा सरळ आहे आणि मामांचं तोंड अगदी स्वच्छ दिसतं.

त्याला आता फाटकावर बसवलंय. नोकरी सोडायच्या आधी एका दुपारी मी बाहेर पडत होते. माळावरून घंट्यांचा आवाज येत होता. त्यानं तोंड तिकडं केलं, थोडा वेळ कान देऊन उभा राहिला आणि मला विचारलं, "म्याडम, लंगडती हाय का बघा हो त्यात."

मी डोळे ताणून पाहिलं. मला फक्त धूळ दिसत होती.

"हाय," मी म्हणाले.