फिनेलचा वास असलेल्या चिंध्या
कारल्याचा वेल मांडवाला बांधायला पेटीतल्या चिंध्या काढल्या, तर इतक्या वर्षांनीही त्यांना फिनेलचा वास. कर्जतजवळच्या एका वृद्धाश्रमात मी मावशी म्हणून कामाला होते. पंचवीस म्हाताऱ्यांमागे आम्ही दोघी, म्हणून जी सारखी उठते तिचे हात चिंधीने खाटेला बांधायचे, असा आश्रम चालवणाऱ्या मॅडमचा हुकूम होता. मीही बांधत होते, खोटं कशाला बोलू. एका रविवारी देणगीदार मंडळी आली होती. मी त्यांच्यापुढे शिऱ्याच्या बशा ठेवत होते, तेवढ्यात कळंबची आजी भिंत धरत हॉलमध्ये आली. तिला तर मी तासाभरापूर्वीच बांधून आले होते! तिने दोन्ही चिंध्या टेबलावर टाकल्या, मनगटांवरचे वळ दाखवले आणि म्हणाली, "भाताचे भारे बांधण्यात जल्म गेला माजा. ही गाठ मला सुटनार नाय का?" मॅडम हसल्या, "आजींना भास होतात हो." आजीने थेट माझ्याकडे बघितलं. "तू सांग गं, भास हाय का?" मी हातातली बशी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "भास नाही. मॅडमनी सांगितलं आणि मी बांधलं." पाहुण्यांतल्या एका बाईने आजीकडून नंबर घेऊन तिथूनच तिच्या लेकीला फोन लावला. मला संध्याकाळच्या आत काढून टाकलं. जाण्याआधी मात्र मी प्रत्येक खाटेची चिंधी सोडून पिशवीत भरली. त्यातली एक आज वेलाला बांधली. बाकीच्या परत पेटीत ठेवल्यात. तिथे असं काही घडलंच नाही म्हणून कुणी सांगायला लागलं, तर त्याच्या तोंडावर फेकायला.