अण्णा आणि टीव्हीवरचं अस्वल

गेल्या मंगळवारी आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये सासऱ्यांनी मला रंगेहाथ पकडलं... आणि मला इतका आनंद झाला की आज लिहायलाच बसले.

सासरे म्हणजे आमचे अण्णा. सगळा जन्म पिशोरला शेतात गेला. दसऱ्यानंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं आणि आम्ही त्यांना इकडं घेऊन आलो. ऑपरेशन छान झालं, अण्णा चालायलाही लागले. पण जेवण सुटलं...

चतकोर भाकरी खाल्ली की हात धुवायला उठायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण असंच चाललं तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल. ते ऐकून माझ्या नवऱ्याचा, संजयचा, चेहराच उतरला. मीही मनातून खूप घाबरले होते.

मग काय, आम्ही सेवेचा सपाटाच लावला! आमच्या घरात मोठ्या माणसानं पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलायचा नाही, अशी रीत. त्यात हे आजारातून उठलेले. सफरचंद सोलून, फोडी करून, वर काटा टोचून समोर ठेवायचं. ताट हातात, पाणी हातात, रिमोटही हातात.

रिमोट तेवढा ते आवडीनं घ्यायचे. रोज दुपारी एकच कार्यक्रम... परदेशातलं कुठलंसं प्राणिसंग्रहालय आणि तिथं काम करणारी माणसं, हिंदीत डब केलेलं. वाघ-सिंह आले की अण्णांना डुलकी लागायची आणि कुणी हत्तीची लीद काढायला आलं की ते जागे व्हायचे. "गमबूट घातला तरी सालगडीच हाय की ह्यो," असं अगदी कौतुकानं म्हणायचे. मी हसून सोडून द्यायचे.

तर मंगळवारी मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. त्या दिवशी एक म्हातारं अस्वल दाखवत होते. खायचं बंद झालेलं, डॉक्टरांना काही सापडेना. मग त्याला सांभाळणारी बाई म्हणाली, आपण याला फळं चिरून ट्रेमध्ये देतो, जंगलात हे दिवसभर उकरत हिंडलं असतं... तिनं ट्रे उचलला, लाकडाच्या भोकांत मध भरला, सफरचंदं गवतात पुरून ठेवली. अस्वल बराच वेळ नुसतं हुंगत राहिलं आणि मग त्यानं ते लाकूड फोडायलाच घेतलं!

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. टीपॉयवर अण्णांसाठी चिरलेल्या फोडी काळ्या पडल्या होत्या. मी हळूच अण्णांकडं पाहिलं. डोळे मिटलेले होते. बरं झालं, म्हटलं.

तशीच चप्पल घालून खाली गेले. जालना रोडला हातगाडीवर हरभऱ्याचे ढाळे आले होते, घाट्यांनी लगडलेले, हिरवेगार. एक जुडी आणली. अण्णा तोवर गॅलरीत उन्हाला येऊन बसले होते, त्यांच्या खुर्चीजवळ ती पेपरवर टाकली, शेजारी एक वाटी ठेवली. "जरा लक्ष ठेवा हं अण्णा, कबुतरं फार येतात," असं म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले.

आत काही काम नव्हतंच... नुसती कान देऊन उभी होते. थोड्या वेळानं टक्, टक् असा आवाज यायला लागला. डोकावून पाहिलं तर जुडी मांडीवर, आणि बोटं अशी भराभर चाललेली की काय सांगू! चार दाणे तोंडात, एखादा वाटीत. मध्येच बोटं चाटत होते, ढाळ्यांची आंब लागते ना बोटांना, आंबट-खारट... ती.

मग हाक आली. "सूनबाई, इकडं ये."

पायाशी टरफलांचा हा ढीग. अण्णा माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "डोळं मिटलं म्हंजी माणूस झोपतंच असं नाय. मीबी बघितलंय ते. मला अस्वल केलंस व्हय?"

मेले! मी माफी मागणार तेवढ्यात अण्णा हसायला लागले. चांगले खळखळून, खोकला येईपर्यंत. मग हाताकडं बघून हळूच म्हणाले, "लई दिसांनी हाताला आंब लागली बघ." त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत नाही.

संध्याकाळी संजय घरी आला तर अण्णा माझ्यासोबत मेथी निवडत बसलेले. तो माझ्यावर भडकलाच. "अण्णांना कामाला लावलंस? पिशोरला कळलं तर लोक काय म्हणतील?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "तू गप रं. लोकं येत्यात व्हय मला जेवू घालायला?"

त्या दिवशी अण्णांची एक अख्खी भाकरी संपली. संजय वाढायला उठला तर त्यांनी हात आडवा केला, दुरडी जवळ ओढली आणि दुसरी भाकरी स्वतः घेतली. संजय पाणी आणायच्या निमित्तानं आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

माया आमची खरीच होती हो... पण त्या मायेत आम्ही त्यांच्या हातातलं सगळंच काढून घेतलं होतं. त्या परदेशी बाईला मराठी येत नाही, ही पोस्ट तिच्यापर्यंत कधी पोचणार नाही. तरी तिचे मनापासून आभार.

आज रविवार. अण्णा सकाळीच पिशवी घेऊन शेअर रिक्षानं शहागंजच्या मंडईत गेलेत, भाजी स्वतः बघून आणायची म्हणून. एकटेच! संजय गॅलरीत येरझाऱ्या घालतोय. मी मात्र भाकरीचं पीठ आज जरा जास्तच काढलंय...