मंडळीतली मुलगी वाइन शिकायला जाते

जत सोडून आम्ही तासगावला आलो ते वडिलांच्या दारूमुळं. गावात त्यांना कुणी कामावर घेईना. तासगावात आई बेदाण्याच्या शेडवर काड्या निवडायची, वडील तिथंच खोकी उचलायचे, आणि संध्याकाळी दोघांची मजुरी हातभट्टीच्या अड्ड्यावर जायची. आम्ही बहिणी शेजारी जेवायचो.

ते शेजारी मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतले. मंडळी म्हणजे मोजकी घरं आणि प्रार्थनेची एक पत्र्याची खोली. त्यांनी वडिलांना उपदेश केला नाही. रोज सुट्टीच्या वेळी त्यांच्यातलं कुणीतरी शेडच्या फाटकावर यायचं आणि वडिलांबरोबर घरापर्यंत चालायचं. अड्डा वाटेतच होता. असं वर्षभर चाललं. दारू सुटली, आणि आम्हीही त्या खोलीत जाऊन बसायला लागलो.

त्यामुळं बारावीनंतर मी वाइन तंत्रज्ञान शिकणार म्हणाले तेव्हा त्या खोलीतल्या माणसांना ते कसं लागलं असेल ते सांगायला नको. मला दारूची गोडी नव्हती. द्राक्षाचा रस नुसता ठेवला तरी फसफसतो, त्यात कोण जिवंत असतं, हे मला कळून घ्यायचं होतं. शेडमागं सडका माल टाकायचे तिथं बाकीच्या पोरी नाकाला ओढणी लावायच्या, मी वाकून बघायचे.

त्याच वर्षी मी बाप्तिस्मा मागितला होता. आमच्यात तो जाणत्या वयात, स्वतःहून मागून घेतात, आणि सगळ्या मंडळीचा होकार लागतो. सगळे हो म्हणाले. एक म्हातारी मावशी तेवढी अडली. तिचा नवरा दारूनं गेला होता.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घेण्याआधी, आमच्यात बायका एकमेकींचे पाय धुतात. मनात अढी असेल तर ती आधी बोलून मिटवायची, हा रिवाज. माझा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता, तरी त्या रविवारी मावशी परात घेऊन माझ्याच पुढ्यात बसली. हात पाण्यात घालेना.

"कॉलेजात दारू प्यायला लावत्यात म्हणं."

"चाखायची, मावशी. आन् थुंकायची."

"थुंकायचीच हाय तर करायची कशाला गं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"चूळ भरल्यागत असतंय," मी म्हणाले.

"माझा मालक बी चूळच भरायचा. आतल्या अंगाला."

आता कुणी हसलं नाही.

"तुझ्या बाला वाटंवरनं आमी धरून आणलाय," ती म्हणाली. "शपथ घे, घोट गिळणार न्हाई म्हणून."

शपथ घेतली असती तर तिथंच मिटलं असतं. पण मला ते जमेना.

"आवं मावशी, आपल्यात शपथ घेत न्हाईत. व्हय म्हंजे व्हय, न्हाई म्हंजे न्हाई. रविवारच्या शाळंत तुमीच शिकवलंय."

"मग नुसतं सांग."

"गिळणार न्हाई. पण शिकणार."

"आन् नोकरी? ती बी दारूच्याच कारखान्यात?"

"त्याचं आत्ता सांगत न्हाई. खोटं पडंल."

"हां. हे खरं बोललीस." तिनं माझा पाय परातीत ओढला. "टाचा बघ कशा फुटल्यात. कॉलेजात जाणार म्हणं!"

मावशीनंही होकार दिला आणि महिन्याभरात माझा बाप्तिस्मा झाला. कॉलेजात मी चाखत आणि थुंकत राहिले. सोबतची पोरं खूप हसली, हसू देत. आता मी सांगलीकडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. मंडळीतल्या काहींना ते अजून पटत नाही, आणि ते मला तोंडावर सांगतात.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे, आणि त्या मंडळीची सभासदही आहे.