कुत्र्याचा तपास आणि चहाचा तपास

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल, मी एकसष्ट वर्षांचा. देवळाची घंटा चोरीला गेली. मातीत चोराचं पाऊल उमटलेलं मला दिसलं. वाऱ्यानं पुसू नये म्हणून मी डोक्याचा पटका काढून त्यावर झाकला. एवढी अक्कल शाळेत शिकवत नाहीत.

जिल्ह्याहून जीपमधून पोलिसांचं कुत्रं आलं. त्यानं पाऊल हुंगलं आणि तडक माझ्याच घरी येऊन बाजेखाली बसलं. सारं गाव हसलं. "तात्या, काढा आता घंटा!"

साखर कारखान्याचा नेपाळी राखणदार तेवढा हसला नाही. म्हणाला, "तात्या, आमच्या डोंगरात कुत्रा नाही, जीप नाही. हवालदार दोन दिवस चालत येतो. घरोघरी बसतो, चहा पितो, काही विचारत नाही. मग चोरच कंटाळून बोलतो."

आपलं कुत्रं हुशारच, परक्या देशापुढं मी त्याला नावं ठेवणार नाही. पण जीपनं आलं, जीपनं गेलं. घोटभर चहाला थांबलं असतं, तर पटक्याच्या वासाची गोष्ट मी सांगितली असती. आता चोर म्हणून मरायचं की दुसऱ्याची रीत उचलायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी, जो सगळ्यात जोरात हसला होता, त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "चहा टाक."