दिनूच्या जिभेला लागलेला धूर

कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात मी वांगी निवडत होते, तेवढ्यात भावजयीचा, मंदाचा फोन आला. "आक्का, या," एवढंच म्हणाली. वांगी तिथंच टाकून मी अंबडची बस धरली. दिनू गेला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती...

माझा हा धाकटा भाऊ अंबडच्या कोर्टात वकील, पण त्याची खरी वकिली चालायची जेवणाच्या ताटावर. मीठ कणभर कमी पडलं की मंदाची उलटतपासणी सुरू! असल्या माणसाच्याच घशात गाठ निघावी? देवाला दुसरी जागाच सापडली नाही, मेल्याला. रेडिएशन झालं आणि चव पार गेली. ठेचा काय, आंबा काय, सगळं त्याला ओल्या मातीसारखं लागायचं. मुकाट्यानं गिळायचा. मला बघवत नसे.

दिवाळीत त्याचा मुलगा अमोल पाहुण्यांसाठी म्हणून स्कॉच घेऊन आला. ती बनवतात तिकडं दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात म्हणे. दिनूचे मित्र देशमुख वकील पहिल्याच घोटाला ओरडले, "अरे, हे तर दवाखान्यातलं आयोडीन!" मंदानं नाकाला पदर लावला. "गोणपाट जळाल्यावाणी वास येऊन राह्यला." अमोल म्हणे, हीच तर मजा. तिघांची जुंपली. तेवढ्यात दिनूनं अमोलचा ग्लास ओढला आणि त्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. "आक्का... धूर! हुरड्याच्या आगटीचा. कळून राह्यलंय गं मला!" आणि लहान लेकरासारखा रडायला लागला.

डॉक्टरांनी थेंबालाही मनाई केलेली. मंदानं बाटली उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. "आधी बरे व्हा, मंग प्या खुशाल." मी भडकलेच. "अगं, एवढी एक चव लागली त्याला. माणूस जगतो तरी कशासाठी?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

शेवटची भेट झाली तेव्हा मंदा स्वयंपाकघरात होती. दिनू हळूच म्हणाला, "आक्का, एक थेंब दे ना जिभेवर." मी उठलेच, किल्ली कुठं असते ते मला ठाऊक होतं. त्यानं माझा हात धरला. "न्हाई, राहू दे. मी प्यालो की तिला वाटंल, ह्यांनी आशा सोडली. तिच्यासाठी बरा होऊन राह्यलोय मी." वर हसला, गाढव.

परवा मंदानं मला कपाट आवरायला बोलावलं. बाटली तशीच, दिवाळीत उरली होती तेवढीच भरलेली. ती हातात घेऊन तिनं विचारलं, "खरं सांगा आक्का, त्यांनी पुन्हा मागितल्ती का?" खोटं जिभेवर आलं होतं... पण नाही जमलं. सगळं सांगितलं.

तिनं झाकणावरून अंगठा फिरवला.

"मला डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगितल्तं, आक्का, की आता काही उपयोग न्हाई. म्हणून तर कुलूप लावलं. पिऊ दिली असती तर त्यांना कळलं असतं ना."